विश्लेषण : टेस्टोस्टेरॉन घेतल्याने स्नायू वाढतात; ताकदही वाढते का?

चाळिशीनंतर दंड सैल पडू लागतात, पोट सुटते, दोन जिने चढले की दम लागतो. यामागे वय, बैठे काम, अपुरी झोप अशी अनेक कारणे असू शकतात. मात्र मोबाइलवरील जाहिराती आणि रील्स या सगळ्याला एकच नाव देतात – ‘लो टी’, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची कमतरता. आणि उपायही एकच सुचवतात – बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणे. या संप्रेरकामुळे स्नायू वाढतात, हे खरे आहे. पण किती, कोणाचे, किती काळ आणि कशाच्या बदल्यात, याची उत्तरे गेल्या तीस वर्षांतील वैद्यकीय चाचण्यांत सापडतात. ती जाहिरातींतील दाव्यांपेक्षा बरीच वेगळी आहेत.

टेस्टोस्टेरॉन कुठे तयार होते? ते कमी का होते?

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होते. किती तयार करायचे, याचा आदेश मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तात संदेश सोडते आणि त्यानुसार वृषणे काम करतात. रक्तातील पातळी पुरेशी झाली की मेंदू हा संदेश कमी करतो. ही साखळी लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर होणारे बरेचसे दुष्परिणाम तिच्याशीच जोडलेले आहेत.

चाळिशीच्या आसपासपासून ही पातळी वर्षाला साधारण एक टक्का या संथ गतीने उतरते. मात्र केवळ वयामुळे ती फार खाली जातेच असे नाही. लठ्ठपणा, टाइप-२ मधुमेह, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, काही वेदनाशामके आणि स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर यांमुळेही ती घटते. वृषणांचा किंवा पीयूषिका ग्रंथीचा आजार, शस्त्रक्रिया, केमोथेरपी अशा कारणांनी शरीर टेस्टोस्टेरॉन पुरेसे बनवू शकत नसेल, तर ती खरी कमतरता. टेस्टोस्टेरॉन पुनर्स्थापना उपचार, म्हणजेच ‘टीआरटी’, मूळात अशा रुग्णांसाठी आहेत. इंजेक्शन, त्वचेवर लावायचे जेल, पट्ट्या आणि काही देशांत गोळ्या, अशा स्वरूपांत हे औषध मिळते.

स्नायूंवर त्याचा परिणाम कसा होतो?

टेस्टोस्टेरॉन स्नायूच्या पेशीत शिरते आणि तेथील ग्राहक रेणूला चिकटते. ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जनुकांना चालना देते आणि प्रथिनांची निर्मिती वाढते. स्नायूंच्या तंतूंलगत काही राखीव पेशी सुप्तावस्थेत असतात. त्यांची संख्याही टेस्टोस्टेरॉनमुळे वाढते. या पेशी तंतूंत मिसळतात आणि तंतू जाड होतात. तिसरा परिणाम मूळ पेशींवर होतो. ज्या पेशी पुढे चरबीच्या किंवा स्नायूच्या होऊ शकतात, त्यांना टेस्टोस्टेरॉन स्नायूच्या बाजूला वळवते. त्यामुळेच उपचार घेणाऱ्यांमध्ये स्नायू वाढताना चरबी थोडी कमी झालेली दिसते.

येथे मोजमापाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. बहुतेक चाचण्यांत ‘डेक्सा’ या स्कॅनद्वारे शरीराचे चरबीविरहित वजन मोजले जाते. त्यात स्नायूंबरोबर शरीरातील पाणी आणि इतर अवयवही येतात. टेस्टोस्टेरॉनमुळे शरीरात पाणी आणि क्षार काही प्रमाणात साठून राहतात. त्यामुळे स्कॅनवर तीन किलो वाढ दिसली, तरी ते तीन किलो निव्वळ स्नायूच असतील असे नाही.

नेमके किती स्नायू वाढतात?

टेस्टोस्टेरॉनमुळे निरोगी पुरुषांचे स्नायू खरोखर वाढतात की नाही, याबाबत डॉक्टरांमध्ये अनेक वर्षे मतभेद होते. खेळाडू आणि शरीरसौष्ठवपटूंना ते अनुभवाने माहीत होते, पण काटेकोर पुरावा नव्हता. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये भारतीय वंशाचे डॉ. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा वाद मिटला. त्यांनी ४३ निरोगी पुरुषांचे चार गट केले. दोन गटांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले, दोन गटांना औषध नसलेले तसेच इंजेक्शन दिले. प्रत्येक प्रकारात एका गटाला वजने उचलण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला नाही.

औषध आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचे चरबीविरहित वजन सरासरी ६.१ किलोने वाढले. व्यायाम न करता केवळ औषध घेतलेल्यांचेही स्नायू वाढले आणि बेंच प्रेसमध्ये ते सरासरी नऊ किलो अधिक वजन उचलू लागले. मात्र औषधाबरोबर व्यायाम करणाऱ्यांची बेंच प्रेसमधील वाढ २२ किलो होती.

या अभ्यासाचा हवाला आजही जिममध्ये दिला जातो. पण त्यातील मात्रा उपचाराची नव्हती. कमतरतेच्या रुग्णाला सामान्यतः आठवड्याला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम दिले जाते. येथे दिलेली मात्रा त्याच्या कितीतरी पट होती आणि तीही फक्त दहा आठवड्यांसाठी.

मात्रेचा प्रश्न याच संशोधकांनी २००१ मध्ये अधिक नेटकेपणाने तपासला. १८ ते ३५ वयोगटातील ६१ पुरुषांचे नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन औषधाने थांबवले आणि त्यांना २० आठवडे दर आठवड्याला २५, ५०, १२५, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले. चरबीविरहित वजन १२५ मिलिग्रॅमवर ३.४ किलो, ३०० वर ५.२ किलो आणि ६०० वर ७.९ किलो वाढले. त्याखालच्या दोन मात्रांवर अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. म्हणजे जितकी मात्रा अधिक, तितका स्नायू अधिक. टीआरटीचा हेतू मात्र पातळी सामान्य मर्यादेत आणणे हा असतो, त्यापलीकडे नेणे हा नाही. त्यामुळे जाहिरातींत दिसणारी शरीरे आणि दवाखान्यातील उपचार यांत अंतर राहणारच.

ज्येष्ठांच्या चाचण्यांत काय दिसले?

स्नायूंची खरी गरज ज्येष्ठांना असते. पडणे, हाड मोडणे, अंथरुणाला खिळणे यांची सुरुवात अनेकदा स्नायू झिजण्यापासून होते. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन त्यांना उपयोगी पडेल का, याची तपासणी होणे स्वाभाविक होते.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील १०८ पुरुषांना तीन वर्षे टेस्टोस्टेरॉनची किंवा औषध नसलेली पट्टी लावण्यात आली. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्यांचे चरबीविरहित वजन १.९ किलो वाढले आणि चरबी तीन किलो घटली. मात्र गुडघा सरळ करण्याच्या आणि वाकवण्याच्या ताकदीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. काट्यावर बदल दिसला, पायात दिसला नाही.

२०१६ मध्ये ‘टेस्टोस्टेरॉन ट्रायल्स’ या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ६५ वर्षांवरील आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांनी वर्षभर जेल लावले. त्यांच्या लैंगिक कार्यात मध्यम स्वरूपाची सुधारणा झाली. सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात किमान ५० मीटर सुधारणा हे चालण्याच्या क्षमतेचे मोजमाप ठरवले होते. ज्यांना चालण्याचा त्रास होता, त्यांच्या गटात हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस ठरला नाही. सर्व सहभागींचा एकत्रित विचार केल्यावर औषध घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांनी ही सुधारणा गाठली. म्हणजे लाभ आहे, पण माफक.

स्नायू वाढूनही ताकद त्या प्रमाणात का वाढत नाही?

ताकद केवळ स्नायूच्या आकारावर ठरत नाही. मेंदू आणि मज्जातंतू एका वेळी किती तंतूंना कामाला लावतात, सांधे किती साथ देतात, तोल किती सांभाळला जातो, यांवरही ती अवलंबून असते. टेस्टोस्टेरॉन स्नायूत प्रथिने भरते, पण खुर्चीतून उठण्याचा किंवा ओझे घेऊन जिना चढण्याचा सराव करून देत नाही. तो सराव व्यायामातूनच होतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील एका अभ्यासात याची उलट बाजू दिसली. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ८७ वर्षे वयाच्या शंभर अशक्त स्त्री-पुरुषांपैकी काहींना दहा आठवडे पायांचा वजनांसह व्यायाम देण्यात आला. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले नव्हते. त्यांच्या मांडीच्या स्नायूचा आकार जेमतेम २.७ टक्के वाढला, पण स्नायूंची ताकद ११३ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहून अधिक वाढली. चालण्याचा वेग जवळपास १२ टक्क्यांनी आणि जिना चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी सुधारली.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. एकात आकार वाढला पण पायाची ताकद तशीच राहिली. दुसऱ्यात आकार जवळपास तेवढाच राहिला आणि ताकद दुप्पट झाली. टेस्टोस्टेरॉनने ताकद कधीच वाढत नाही, असा याचा अर्थ नाही. काही चाचण्यांत ती वाढलेली आहे. पण ज्येष्ठांसाठी महत्त्वाची असलेली रोजच्या कामाची क्षमता औषधापेक्षा व्यायामाने अधिक खात्रीने मिळते.

औषध थांबवल्यावर काय होते?

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ६५ वर्षांवरील २७४ अशक्त पुरुषांना सहा महिने जेल देण्यात आले. औषध घेतलेल्यांचे चरबीविरहित वजन साधारण एक किलोने वाढले आणि पायांची ताकदही सुधारली. मात्र औषध थांबवून सहा महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा हे लाभ टिकलेले नव्हते. म्हणजे मिळालेला स्नायू राखायचा तर औषध चालू ठेवावे लागते. त्यामुळे दीर्घकाळ घेतल्यास ते किती सुरक्षित आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हृदयाला धोका आहे का?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंधरा वर्षांत बदलत गेले आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चालण्यास त्रास होणारे, सरासरी ७४ वर्षांचे २०९ पुरुष होते. टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांची पायांची आणि छातीची ताकद वाढली, ओझे घेऊन जिना चढण्याची क्षमताही वाढली. पण त्या गटात २३ जणांना हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित त्रास झाला, दुसऱ्या गटात पाच जणांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या संभाव्य धोक्याचा उल्लेख करण्यास सांगितले. केवळ वयामुळे घटलेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी या औषधांची उपयुक्तता आणि सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, हेही स्पष्ट केले.

२०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ ही आतापर्यंतची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका अधिक असलेले, ४५ ते ८० वयोगटातील पाच हजारांहून अधिक पुरुष तिच्यात होते आणि सर्वांचे टेस्टोस्टेरॉन कमी होते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे मृत्यू यांचे प्रमाण जेल घेतलेल्यांत ७.० टक्के आणि न घेतलेल्यांत ७.३ टक्के होते. म्हणजे हा धोका वाढला नाही. त्यानंतर २०२५ मध्ये माहितीपत्रकातील मजकूर बदलण्यात आला आणि रक्तदाब वाढण्याबाबतचा इशारा सर्व टेस्टोस्टेरॉन औषधांना लागू करण्यात आला.

मात्र ‘ट्रॅव्हर्स’ने सगळेच निर्धोक ठरवलेले नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणे, मूत्रपिंडाला अचानक इजा होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत अधिक होते. हाडांबाबतचा निष्कर्ष तर अनपेक्षित होता. टेस्टोस्टेरॉनमुळे हाडांची घनता वाढते, हे आधीच्या चाचण्यांत दिसले होते. तरीही येथे औषध घेतलेल्यांत हाड मोडण्याचे प्रमाण ३.५ टक्के, तर न घेतलेल्यांत २.४६ टक्के आढळले. शिवाय सहभागींपैकी सुमारे ६१ टक्के लोकांनी औषध मध्येच सोडले होते, हेही निष्कर्ष वाचताना लक्षात घ्यावे लागते. ही चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालील योग्य मात्रेची होती. जिममधील जादा मात्रेला तिचा दाखला लागू होत नाही.

तरुणांसाठी सर्वांत मोठी किंमत कोणती?

शुक्रजंतू. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूला ते पुरेसे असल्याचे वाटते आणि तो वृषणांना जाणारा संदेश थांबवतो. वृषणांतील स्वतःची निर्मिती बंद पडते, ती आकाराने लहान होतात आणि शुक्रजंतू कमी होत जातात. हा परिणाम इतका ठळक आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनची चाचणी झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम देण्यात आले. त्यांतील १५७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू उरलेच नाहीत.

औषध बंद केल्यावर बहुतेकांत निर्मिती पुन्हा सुरू होते, पण त्याला अनेक महिने, काहींना त्याहून अधिक काळ लागतो. दीर्घकाळ मोठ्या मात्रा घेतलेल्यांत ती पूर्ववत होईल याची हमी नसते. मधल्या काळात थकवा, उदासीनता आणि लैंगिक इच्छा कमी होणे, असा त्रास होतो. मग त्याच त्रासासाठी पुन्हा इंजेक्शन घेतले जाते. ज्यांना नजीकच्या काळात मूल हवे आहे, त्यांना टीआरटी देऊ नये, अशी अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीची स्पष्ट सूचना आहे.

दुसरा धोका रक्त घट्ट होण्याचा. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. ऑस्ट्रेलियात सुमारे एक हजार पुरुषांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी २२ टक्के लोकांत हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या सुरक्षित मर्यादेपर्यंत किंवा त्यावर गेले. न घेतलेल्यांत हे प्रमाण एक टक्का होते. त्यामुळेच उपचार सुरू असताना ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. मुरुमे, छातीला सूज, झोपेतील श्वासाचा विकार बळावणे हे त्रासही संभवतात. जेल वापरणाऱ्यांनी ते लावलेली त्वचा लहान मुलांच्या किंवा स्त्रियांच्या अंगाला लागू देऊ नये.

भारतात ही औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. खेळाडूंसाठी तर स्पर्धेच्या काळात आणि एरवीही टेस्टोस्टेरॉनवर बंदी आहे. आजारामुळे घ्यावेच लागणार असेल तर वैद्यकीय सवलतीची रीतसर परवानगी काढावी लागते.

स्त्रियांना याचा उपयोग होतो का?

स्त्रियांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असते, पण फार कमी. ते दिल्यास त्यांचेही स्नायू वाढतात, हे अभ्यासांत दिसले आहे. मात्र त्यासाठी पातळी स्त्रियांच्या नैसर्गिक मर्यादेबाहेर न्यावी लागते आणि चेहऱ्यावर केस येणे, आवाज घोगरा होणे असे परिणाम संभवतात. आवाजातील बदल कायमचा राहू शकतो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी एकत्रितपणे मांडलेल्या भूमिकेनुसार, रजोनिवृत्तीनंतर लैंगिक इच्छा कमी होऊन त्याचा त्रास होत असेल, तरच स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन देण्यास पुरेसा आधार आहे. स्नायू वाढवणे हे त्याचे कारण ठरत नाही.

कमतरता आहे, हे कसे ठरवतात?

केवळ थकवा आणि एखादा रिपोर्ट यांवरून निदान होत नाही. लक्षणे आणि सातत्याने कमी पातळी, दोन्ही लागतात. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि जेवणानंतर घटते. त्यामुळे तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा करावी लागते. संध्याकाळी दिलेल्या रक्ताचा आकडा फसवू शकतो. तापात किंवा मोठ्या आजारपणात केलेली तपासणीही ग्राह्य धरली जात नाही. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर ही सीमारेषा मानते, तर एंडोक्राइन सोसायटीने निरोगी तरुण पुरुषांसाठी २६४ ही किमान पातळी दिली आहे. पातळी खरोखरच कमी असेल, तर दोष वृषणांत आहे की पीयूषिका ग्रंथीत, हे पुढील तपासण्यांनी शोधावे लागते. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांना किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका अथवा पक्षाघात झालेल्यांना हे उपचार देणे टाळले जाते.

खरी कमतरता किती जणांत असते, याचा अंदाज युरोपमधील एका अभ्यासातून येतो. आठ केंद्रांतील ४० ते ७९ वयोगटातील ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली. लक्षणे आणि रक्तातील पातळी हे दोन्ही निकष लावल्यावर वयामुळे होणारी कमतरता २.१ टक्के पुरुषांतच आढळली.

मग स्नायूंसाठी काय करावे?

ज्यांच्यात कमतरता सिद्ध झाली आहे, त्यांच्यासाठी टीआरटी हा आवश्यक उपचार आहे. त्यांचे स्नायू, हाडांची घनता, लैंगिक आरोग्य यांत सुधारणा होते आणि दुष्परिणामांच्या भीतीने तो नाकारण्याचे कारण नाही. त्यांनीही सोबत व्यायाम केला, तर वाढलेल्या स्नायूचे ताकदीत अधिक चांगले रूपांतर होते.

ज्यांची पातळी वजन वाढल्याने थोडी खाली आली आहे, त्यांच्यात वजन उतरल्यावर ती बऱ्याचदा आपोआप वर येते. झोपेचा विकार आणि मधुमेह यांवर उपचार करणे हेही याच वाटेचे टप्पे आहेत. बाकीच्यांसाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचा किंवा स्वतःच्या शरीराच्या भाराचा व्यायाम, म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणे, बैठका, जोर, हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ज्येष्ठांनी दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीने ६० ते ७२ ग्रॅम. डाळी, उसळी, दूध, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बोस्टनच्या वृद्धाश्रमातील सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसांची ताकद दहा आठवड्यांत दुप्पट झाली, त्यामुळे उशीर झाला आहे हे कारण चाळिशीतल्या कोणालाही देता येणार नाही.